कुत्रं चावलं, लस घेतली. पण जखमेचं काय?

ढाणकी (ता. उमरखेड) : २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांवर नोंदी झाल्या. आपल्याकडे भीती फक्त रेबीजची. लस घ्यायचीच, पण ती दातांतून आत गेलेले जिवाणू रोखत नाही. पाश्चुरेला जिवाणूने दिवसभरातच हात सुजतो, पू होतो. मांजराचा दात बारीक, म्हणून जखम वरून छोटी, आत खोल. शुगरवाल्यांच्या, दारू पिणाऱ्यांच्या रक्तात जिवाणू पसरले तर जीवावर बेततं. तिखट, चुना लावून जखम बिघडते. आधी साबण लावून वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. तिसऱ्या-सातव्या दिवशी लसीला गेले की डॉक्टरांना जखमही उघडून दाखवा. सूज वाढली, ताप आला तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.