मतांची बेरीज, जागांची वजाबाकी

निवडणूक निकालाच्या दिवशी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नकाशे एकामागून एक रंगत जातात. ४० टक्के मते घेणारा सर्वांच्या पुढे राहिला की सबंध मतदारसंघ त्याच्या रंगाचा. उरलेल्या ६० टक्क्यांना नकाशावर ठिपक्याएवढीही जागा नाही. भांडवली प्रचारयंत्रणेचे हे हलते चित्र खोटे आकडे देत नाही; ते अर्धेच आकडे दाखवते.

मध्य प्रदेशाचे उदाहरण घ्यावे. २०१८ साली विधानसभेच्या २३० जागांपैकी भाजपला ४१.०२ टक्के मतांवर १०९, तर काँग्रेसला ४०.८९ टक्के मतांवर ११४ जागा मिळाल्या. अधिक मते मिळवणारा मागे पडला! २०२३ साली काँग्रेसची मते ४०.४० टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढीच राहिली. जागा मात्र ६६ वर आल्या. भाजपला ४८.५५ टक्के मतांवर १६३ जागा, म्हणजे दोन-तृतीयांशांहून अधिक बळ लाभले. प्रमाणशीर वाटपात हेच आकडे सुमारे ९३ आणि ११२ झाले असते. दोन बड्या पक्षांचीच ही गत, तर श्रमिकांच्या लहान पक्षांचे काय? ‘मत वाया घालवू नका’ हा धाक त्यांच्याच मतदाराला घातला जातो.

प्रश्न नवा नाही. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना मांडली. जबलपूर ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, त्याच प्रांताचे ते सदस्य. डॉ. आंबेडकरांनी निरक्षरता आणि स्थिर शासनाची गरज ही कारणे देऊन ती नाकारली. पसंतीक्रमाचे अंक लिहावे लागणाऱ्या पद्धतीपुरता पहिला आक्षेप तेव्हा रास्त होता. यादी पद्धतीत मात्र चिन्हापुढचे एक बटण पुरते. स्थैर्याचे म्हणावे, तर प्रचलित पद्धतीनेच निवडलेले कमलनाथ सरकार मार्च २०२० मध्ये २२ आमदारांच्या राजीनाम्यांनी कोसळले. विधी आयोगानेही १९९९ च्या १७० व्या अहवालात अंशतः यादी पद्धतीची शिफारस केली होती. ती धूळ खात पडली.

‘सामान्यांना हे गणित कळणार नाही’ ही सबब आता चालू नये. गोंड राजांची जुनी राजधानी असलेल्या, आज जबलपूरचा भाग बनलेल्या गढ्यातील कोणत्याही वस्तीत मोबाइलवर दोन मिनिटांचे हलते चित्र दाखवता येईल. शंभर ठिपके म्हणजे शंभर मते. ते मतदारसंघांच्या चौकटींत शिरतात, हरलेल्यांचे ठिपके विझतात. मग चौकटी पुसल्या जातात आणि तेच ठिपके आपापल्या संख्येइतक्या जागा मागतात. अक्षरओळख नसलेल्या श्रमिकालाही आपले मत कोठे विझले ते दिसेल.

अर्थात चित्र केवळ डोळे उघडते. कायदा बदलण्यास संघटित जनमत लागते. प्रस्थापितांच्या पडद्याला उत्तर देणारे असे चित्र वस्तीवस्तीत पोहोचवणे आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी जनतेची मागणी बनवणे, हे कार्यकर्त्यांचे तातडीचे कर्तव्य आहे.