किरणांचा मारा एका गाठीवर, इशारा साऱ्या शरीराला

किरणोपचार म्हणजे कर्करोगाची गाठ जाळणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बोलण्यात त्याला 'शेक' म्हणतात ते त्यामुळेच. वास्तविक गाठ उष्णतेने जळत नाही. उच्च ऊर्जेचे किरण पेशीतील डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करते. कर्कपेशीला ते सहसा तितकेसे साधत नाही आणि विभाजनाच्या वेळी ती मरते. किरणांची मात्रा अनेकदा काही आठवडे विभागून दिली जाते, ती निरोगी पेशींना ही उसंत मिळावी म्हणून.

मात्र पेशी मेली म्हणजे प्रकरण संपले, असे नाही. तुटलेल्या डीएनएचे तुकडे पेशीद्रवात सांडतात आणि विषाणूचा शिरकाव झाल्यावर जागी होणारी 'सीगॅस-स्टिंग' यंत्रणा येथेही जागी होते. इंटरफेरॉन स्रवू लागते. मृत पेशींचे अवशेष गिळणाऱ्या डेंड्रायटिक पेशी त्यांतील ओळखखुणा लसिकाग्रंथींमधील टी-पेशींना दाखवतात. आजवर उजळ माथ्याने वावरणारा चोर ओळखपरेडीत सापडावा, तसा हा प्रकार. कधी कधी किरणांचा स्पर्शही न झालेली दूरची गाठ आक्रसते. आर. एच. मोल यांनी १९५३ मध्येच या परिणामाला 'अ‍ॅबस्कोपल' असे नाव दिले होते.

हा परिणाम एरवी फार दुर्मीळ, कारण गाठ टी-पेशींना लगाम घालते. हा लगाम सोडवणारी औषधे आली आणि आशा बळावली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्रातील, आयपिलिमुमॅब घेणाऱ्या एका मेलानोमाच्या रुग्णाचे उदाहरण प्रसिद्ध झाले. किरण दिले होते पाठीच्या कण्याजवळच्या गाठीवर. पुढे अन्यत्रच्या गाठीही आक्रसल्या.

एका रुग्णावरून धोरण ठरत नाही. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या तिसऱ्या टप्प्यातील फुप्फुसाच्या कर्करोगात किरणोपचार व रसायनोपचारांनंतर दुर्व्हालुमॅब दिले, तेव्हा पाच वर्षांनंतर ४२.९ टक्के रुग्ण हयात होते. औषधाविना हे प्रमाण ३३.४ टक्के होते. तेच औषध किरणोपचार सुरू असतानाच द्यायला आरंभ केला, तेव्हा मात्र अपेक्षित लाभ दिसला नाही, असे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. डोके व मानेच्या कर्करोगात अवेलुमॅबचा असाच एकत्रित प्रयोगही फसला. लसिकापेशी स्वतःच किरणांना फार लवकर बळी पडतात, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. ज्या सैन्याला हाक द्यायची, त्याच्यावरच रोज मारा!

आपल्याकडे प्रश्न खर्चाचाही आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोके व मानेच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅबची अवघी २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी दिली. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. या चाचणीत औषधाची जोड किरणोपचारांना नव्हे, तोंडावाटे घ्यायच्या रसायनोपचारांना होती. इतकी अल्प मात्रा किरणोपचारांनंतर दिली तर काय, हे तपासण्यात औषध कंपन्यांचा फारसा फायदा नाही. त्या चाचण्यांचा खर्च सरकारलाच उचलावा लागेल.