आईची पायरी

आमच्या घरी जुनी डबल केबिन पिकअप आली. आठवडाभर भाजीचा माल, रविवारी घरची माणसे. पण गाडी उंच. पहिल्याच दिवशी आईचा पाय निसटला, नडगी सोलली. "तुम्ही जा, मी घरीच बरी," ती म्हणाली. ते आम्हाला लागले. ज्या गाडीत आई बसत नाही, ती घरची कसली?

पायरी बसवायचे ठरले. एक प्रकार म्हणजे दारांखाली कायमची लांब फळी. दुसरी मोटारीवर चालते. दार उघडले की खाली येते, लावले की आत जाते. सोयीची खरी, पण महाग. शिवाय चिखल-खडी सांध्यांत बसली की अडते. आमची गाडी रोज शेतवाटेची. आम्ही फळीच घेतली.

बंधू-भगिनींनो, घेताना एवढे पाहा. गोल नळी नको. पूर्ण पाऊल मावेल अशी रुंद, खरखरीत फळी हवी. ती जमीन आणि गाडीचा तळ यांच्या साधारण मध्यावर यावी. पत्र्याला नव्हे, चासीला बोल्टने आवळावी. दाराजवळ धरायला मूठ हवीच. आणि पैसे देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना चढून-उतरून पाहू द्या.

पोरांनाही बजावा. पायरी चढायला आहे, तिच्यावर उभे राहून जायला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ नुसार तसा प्रवास करायला आणि चालकाने तसे कुणाला न्यायलाही मनाई आहे.

आता रविवारी सर्वांच्या आधी आईच गाडीत बसलेली असते.