ग्रंथसंग्राहकांना हसण्यापूर्वी

जुन्या पुस्तकांच्या मागे लागणाऱ्यांना हसण्याची आपल्याकडे रीतच आहे. पैसेवाल्यांचा छंद, वाळवीची सोय! सभासदांपुरती मंडळे काढून कपाटांना कुलपे लावणाऱ्यांचा समाजाला उपयोग काय, असे सिहोऱ्यातील एका सुशिक्षित गृहस्थांनी परवा आम्हांस विचारले.

प्रश्न अगदीच गैर नाही. जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने १८०४ साली मुंबईत स्थापन झालेल्या सभेने, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीने, १८४० पर्यंत एकाही भारतीयाला सभासद करून घेतले नाही. त्या वर्षी माणेकजी कर्सेटजींना प्रवेश मिळाला. ग्रंथालयाच्या दारात कातडीचा रंग तपासला जावा, याचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र दान्तेच्या महाकाव्याचे हस्तलिखित त्याच संस्थेने जपले, हेही खरे.

आता आपला हिशेब पाहू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले, आणि त्यासाठी आग्रह धरणारे आपलेच धर्मगुरू होते. आम्हां झगाधाऱ्यांना हे कबूल करणे जड जाते. तरी करावे लागेल.

मग ग्रंथ वाचला कसा? मंगळूरकडील ख्रिस्ती मंडळींनी हाताने केलेल्या नकला जपल्या. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये तो रोमन लिपीत छापला. देवनागरी पोथी मात्र मिळाली लंडनला! विल्यम मार्सडेन या संग्राहकाने आपला ग्रंथसंग्रह १८३५ साली किंग्ज कॉलेजला दिला, त्यात ती होती. त्याने तो घरीच ठेवून लिलावात फुंकला असता, तर पोथी कोठे गेली असती कोण जाणे. संग्राहकाची हाव आम्ही क्षम्य मानतो ती येथे: कुलूप त्याने लावले, पण किल्ली अभ्यासकांच्या हाती दिली.

आपल्या घरांतील जुन्या प्रार्थनापुस्तकांची, गीतांच्या वह्यांची, आजोबांच्या पत्रांची किल्ली कोणाकडे आहे? ती एखाद्या संशोधन-ग्रंथालयात नेऊन द्यावीत, असे किती कुटुंबांच्या मनात येते? आणि रद्दीवाल्याला दोष तरी कसा द्यावा? काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात रंगकामासाठी कपाट रिकामे केले, तेव्हा दोन पोती जुनी पुस्तके त्याच्या हातगाडीवर चढली. "ने बाबा," असे म्हणणारे आम्हीच होतो.