रोमकॉममध्ये ज्यू हिरो हवा, ज्यू हिरॉइन नको?

‘नोबडी वॉन्ट्स धिस’ २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि अ‍ॅडम ब्रॉडीचा ‘हॉट’ रब्बाय (ज्यू धर्मगुरू) रील्समध्ये सगळीकडे दिसायला लागला. तो नोआ. ती जोअ‍ॅन, ज्यू नसलेली, सोनेरी केसांची पॉडकास्टर. जोडी भारीच आहे, वादच नाही. पण आजूबाजूच्या ज्यू बायका बघा. एक्स रिबेका अंगठी शोधून स्वतःच बोटात घालते. वहिनी एस्थर कायम वैतागलेली. आई बीनाला सून ज्यूच हवी, आणि तीच स्वयंपाकघरात चोरून पोर्क खाते! हसू येतं. पण प्रेमात पडावं अशी एकही नाही. ठाणे-अलिबागकडे बेने इस्रायली शेजार असलेले सोडले, तर आपल्यातल्या बहुतेकांना ज्यू मुलगी भेटते ती स्क्रीनवरच. तीही अशी.

मालिका लिहिणाऱ्या एरिन फॉस्टरने स्वतः ज्यू धर्म स्वीकारलाय, म्हणजे हा द्वेष नाही. ही सवय आहे, आणि जुनी आहे.

१९७२ चा ‘द हार्टब्रेक किड’ घ्या. हनिमूनला मायामीत आलेली लीला उन्हाने भाजून खोलीत पडलीय आणि नवरा लेनी बीचवर सोनेरी केसांच्या केलीच्या मागे. एग सॅलड खाताना लीलाचं तोंड माखतं, ती सतत बोलते, विनोद तिच्यावरच. दिग्दर्शक मात्र ज्यू बाई, एलेन मे, आणि लीला झालीय तिचीच मुलगी जीनी बर्लिन. लेनी रेस्टॉरंटमध्ये लग्न मोडतो तेव्हा जीनीकडे बघताना हसणं घशातच अडकतं. तिला ऑस्कर नामांकन उगाच नव्हतं मिळालं.

असं का? मला वाटतं, या गोष्टींतल्या ज्यू हिरोला ‘खऱ्या’ अमेरिकेत शिरायचं असतं. सोनेरी केसांची मुलगी हे त्याचं तिकीट, आणि ज्यू मुलगी म्हणजे मागे सोडायचं घर. त्यात पारंपरिक नियमानुसार ज्यूपण आईकडून येतं. त्यामुळे बीनाच्या हट्टामागे खरी भीती आहे. पटकथेत तिची होते खाष्ट सासू.

उलटं बघायचं तर जोन मिकलिन सिल्व्हरचा ‘क्रॉसिंग डेलान्सी’ (१९८८). न्यूयॉर्कच्या पुस्तकाच्या दुकानात काम करणारी इझी. आजीने स्थळ आणलंय, तेही लोणचेवाल्याचं! (कांदेपोहे तिथेही सुटत नाहीत.) इझी भाव खाते, एका लेखकावर भाळते, चुकते. पण इथे निवड करायची असते ती तिलाच.