शिरले म्हणजे जुळले नव्हे

मागील अंकातील पत्रलेखकांच्या मते, ‘काडतूस नळीत शिरले, की ते त्या बंदुकीला चालते.’ हे विधान जिवावर बेतणारे आहे.

बोरचा हिशेब उलटा असतो. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर एकीचा व्यास म्हणजे बारा बोर, सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोर १५.६. त्यामुळे विसाचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते. मागची जागा रिकामीच दिसते. माणूस त्यात बाराचे काडतूस भरतो, घोडा ओढतो आणि नळी धरलेल्या हाताजवळच फुटते.

म्हणूनच बहुतेक कंपन्या वीस बोरचे काडतूस पिवळे करतात. तरी रंगावर विसंबू नये. पीकरक्षणासाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्यांनी नळीवरचा आणि काडतुसाच्या बुडावरचा आकडा दर वेळी ताडून पाहावा, आणि दोन बोरची काडतुसे एका पट्ट्यात कधीही ठेवू नयेत.