मावशींच्या भरवशावर

पुण्या-मुंबईत कितीतरी आजी-आजोबा आज स्वतःच्या घरात राहू शकतात ते घरी सेविका पुरवणाऱ्या ब्युरोतून येणाऱ्या मावशींमुळे. मुले बंगळुरूत किंवा अमेरिकेत. आंघोळीला हात देणे, गोळ्या वेळेवर देणे, रात्री बाथरूमपर्यंत सोबत करणे, हे सारे त्याच करतात. पाळी १२ तासांची, सुट्टी मालकाच्या मर्जीवर आणि पगारातून ब्युरोचे कमिशन. पोलीस पडताळणीचा आग्रह धरणारे कुटुंब, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कसे वळवायचे हे मावशींना कुणी शिकवले आहे का, एवढे मात्र विचारत नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना चुकीचे उचलले, तर वेदना दोघींच्याही वाट्याला येतात.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा विचार त्यात होता. ते मंजूर झाले नाही. महाराष्ट्राने त्यासाठी थांबू नये. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आपण २००८ मध्येच केला आहे. आता ब्युरोंची सक्तीची नोंदणी, मावशींना सरकारी खर्चाने प्रशिक्षण आणि लेखी करार हवा. त्या करारावर, शक्य असेल तिथे, सही मुलाची नव्हे, आजींची असावी.